बागेतले गवत : रूप नंतर, चाल आधी



गवत म्हटले की आपला हात आपसूक खुरप्याकडे जातो. शेतकऱ्याच्या लेखी गवत म्हणजे एक तर पिकाचा वैरी, नाही तर गुरांची वैरण. पैसे मोजून कोणी गवत विकत आणील आणि ते दारापुढे लावील, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना थट्टेची वाटली असती. आज मात्र बेळगावपासून पणजीपर्यंत कोणत्याही रोपवाटिकेत जा. जांभळ्या पानांचे, चवरीसारख्या तुऱ्यांचे गवत पिशव्यांत मांडलेले दिसेल. नवी घरे बांधणारे लोक ते हौसेने नेतातही.

या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. गवताला खत थोडे लागते, कीड क्वचितच लागते, फूल गळाले म्हणून त्याची शोभा जात नाही. वाऱ्यावर डोलणारा तुरा पाहून थकलेल्या माणसाच्या जिवाला बरे वाटते. शिवाय उतारावरची माती धरणे, मोरीचे पाणी शोषणे, उन्हाळ्यात गारवा देणे अशी घराच्या उपयोगाची कामेही काही गवते करतात. परंतु गुलाबाचे झाड चुकीचे निवडले तर एक झाड मरते. गवत चुकीचे निवडले तर आपली बाग, शेजाऱ्याचे शेत आणि गावचे कुरण या तिघांनाही त्याचा उपद्रव होतो. म्हणून गवत निवडताना त्याचे रूप नंतर पाहावे, चाल आधी पाहावी. या लेखाचे सार एवढेच आहे.

गवत कोणते, लव्हाळा कोणता?

आपण पुष्कळ वनस्पतींना सरसकट गवत म्हणतो. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत हे मुळी गवतच नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. खरे गवत ओळखण्याची खूण अशी की, त्याची काडी गोल असते, तिला ठराविक अंतरावर पेरे असतात आणि पाने काडीच्या दोन बाजूंना एकाआड एक येतात. भात, ज्वारी, नाचणी, ऊस आणि बांबू हे सर्व या एकाच कुळातले. नाताळच्या गोठ्यापुढे हिरवळ दिसावी म्हणून आपण ताटलीत नाचणी रुजवतो, तेही बागेतले गवतच झाले!

लव्हाळा दिसायला गवतासारखा, पण कुळाने वेगळा. त्याची काडी बोटांत धरून फिरवा. बहुधा तीन कंगोरे हाताला लागतात. पाने तीन दिशांना फुटतात आणि काडीला पेरे दिसत नाहीत. लव्हाळ्याला बहुतेक ओल प्रिय असते. इजिप्तमधील नाईल नदीकाठचा पपायरस हा लव्हाळाच. त्याच्यापासून प्राचीन काळी कागद बनत असे. मोशेच्या आईने बाळाला ज्या पेटीत घालून नदीकाठी ठेवले, तीही लव्हाळ्याचीच होती.

आपल्या तुकाराम महाराजांनी नम्रतेचा दाखला देताना लव्हाळाच निवडला. पण या नम्र कुळात एक महाबिलंदर भाऊ आहे. त्याला आपण नागरमोथा म्हणतो. १९७७ साली होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत वाईट तणांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पहिला क्रमांक या नागरमोथ्याला दिला आहे. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठींची साखळीच असते. वरचा शेंडा उपटला की साखळी तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होऊन एकाच्या जागी चार कोंब वर येतात. उसाच्या किंवा बटाट्याच्या शेतात ज्याने त्याच्याशी झुंज दिली आहे, त्याला याहून अधिक सांगणे न लगे.

काळ्या जमिनीतील कुंदा याच वृत्तीचा. बेळगावचा कुंदा कितीही खावा, पण शेतातला कुंदा एकदा शिरला की नांगर खोल घातल्याशिवाय निघत नाही.

विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : हे गवत पसरते कसे? काही गवते एका जागी ठोंब धरून बसतात. वर्षागणिक ठोंब रुंद होतो, पण जागा सोडत नाही. अशा गवतांची भीती नाही. काही जमिनीखालून किंवा जमिनीवरून धावत जातात. त्यांना कुंडीत किंवा चिरेबंदी कोंडाळ्यातच ठेवावे. तिसरी जात बियांनी पसरते. केसाळ, हलके बी वाऱ्यावर बसून फर्लांगभर जाते. या तिसऱ्या जातीला सर्वांत अधिक भ्यावे, कारण तिला आपले कुंपण अडवू शकत नाही.

दुसरा प्रश्न : आपल्या पावसाला आणि आपल्या उन्हाळ्याला ते टिकेल काय? खानापूरकडे किंवा गोव्यात चार महिने धो धो पाऊस आणि पुढे सहा-सात महिने कोरडे. थंड देशांतील पुस्तकांत निळसर पानांच्या गवतांची मनोहर चित्रे असतात. ती रोपे आणून आपल्या पावसात लावली, तर ठोंबाच्या पोटात पाणी मुरून ती कुजण्याचा संभव फार. आपल्या मातीत ज्यांची भावंडे रानात वाढतात, तीच गवते निवडणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न : घरातल्या माणसांना त्याचा त्रास होईल काय? पंपास नावाचे मोठे गवत पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांमुळे मोहात पाडते, पण त्याच्या पानाची कड करवतीसारखी असते. लहान मुले जेथे धावतात, तेथे असे गवत नको. घरात दम्याचा रोगी असेल, तर तुरे धरणारे कोणतेही गवत त्याच्या खिडकीखाली लावू नये; गवताच्या परागांनी शिंका आणि धाप वाढते.

उतारासाठी वाळा

या तीनही प्रश्नांना जो उत्तम उत्तर देतो, तो आपला जुना सोबती वाळा. पाच-सहा फूट उंचीचा, सरळ उभा, कमानीसारखी पाने झुकवणारा त्याचा ठोंब कोणत्याही परदेशी गवताच्या पंक्तीला शोभतो. खरी करामत मात्र जमिनीखाली आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत दहा फुटांपर्यंतही पोहोचतात. त्यामुळे शेजारच्या झाडांचे अन्न तो फारसे पळवीत नाही. दक्षिणेकडे लागवडीत असलेल्या वाळ्याचे बी रुजत नाही. तेव्हा तो पळून जाण्याचा प्रश्नच नाही.

म्हैसूरच्या दक्षिणेस गुंडलुपेट भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखल्या. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मातीची धूप थांबवणारी हिरवी रेघ म्हणून वाळ्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. आपल्या शेजारची विद्या अशी जगभर फिरून आली!

जांभ्या दगडाच्या उतारावर घर असेल आणि दर पावसाळ्यात अंगणातली तांबडी माती वाहून जात असेल, तर पुढीलप्रमाणे करावे. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने उताराला आडवी, एका पातळीतली रेघ आखावी. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. पाने वीतभर ठेवून छाटावीत, मुळे दोन-तीन इंच राखावीत. पहिला चांगला पाऊस झाला की चार ते सहा इंच अंतरावर हे तुकडे लावावेत. मेलेल्या तुकड्यांच्या जागी पंधरा दिवसांत नवे लावावेत, कारण कुंपणात एक खिंड राहिली तर सारे पाणी तिथूनच जोराने धावते. पुढे वर्षातून दोन-तीन वेळा दीड फुटांवर कापणी करावी. फुटवे दाट येतात आणि ओळ भिंतीसारखी होते. वाहून येणारी माती तिच्या मागे अडते व दोन-तीन वर्षांत तेथे आपोआप पायरी तयार होते. वाळ्याला ऊन मात्र हवे. फणसाच्या दाट सावलीत तो खुरटतो.

पिण्याच्या मडक्यात घालण्यासाठी किंवा ताट्यांसाठी वाळ्याची मुळे काढायची असतील, तर त्यासाठी परसात वेगळे चार ठोंब लावावेत. मुळांसाठी पूर्ण ठोंब उपटावा लागतो. उतारावरचा ठोंब उपटणे म्हणजे घराच्या पायातला दगड काढून चुलीला लावण्यासारखे आहे.

अंगणासाठी गवती चहा

गवती चहाला आपण चहापुरता ओळखतो, पण बागेच्या कडेला दोन-दोन फुटांवर त्याची ओळ लावली तर तीन-चार फूट उंचीची सुंदर किनार होते. आपल्याकडचा हा गवती चहा फुलावर क्वचितच येतो, म्हणून बियांची धास्ती नाही आणि परागांचा त्रासही नाही. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब उपटून फोडावा व नव्या जागी लावावा, नाही तर मधला भाग वाळून पोकळ होतो. पानांवर तांबूस ठिपके दिसले तर ती पाने कापून जाळावीत आणि ठोंबात हवा खेळू द्यावी. त्याचा काढा सर्दी-पडशात घशाला आराम देतो. पण मुलाचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर काढ्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

ओल्या जागेसाठी छत्री-लव्हाळा

स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी साचून मागील दारी चिखल, वास आणि डास होतात. येथे नागरमोथ्याचा सज्जन भाऊ कामाला येतो. त्याच्या काडीच्या टोकाला पानांची छत्री उघडलेली असते, म्हणून त्याला छत्री-लव्हाळा म्हणू. हा मूळचा आफ्रिकेकडचा. उंची तीन-चार फूट.

त्याची रोपे करण्याची रीत मुलांना दाखवण्याजोगी आहे. छत्रीखाली दोन इंच दांडा ठेवून ती कापावी, पाने निम्मी छाटावीत आणि छत्री उलटी करून पाण्यात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून मुळे आणि कोंब फुटतात. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे.

मोरीच्या पाण्यासाठी दोन-अडीच फूट खोल चर खणून तो खडीने भरावा व खडीत लव्हाळा लावावा. पाणी चरात शिरण्यापूर्वी ते नारळाच्या काथ्याने भरलेल्या भोके पाडलेल्या डब्यातून जाऊ द्यावे, म्हणजे तेल व अन्नाचे कण तेथेच अडतात. काथ्या वेळोवेळी बदलावा. मुख्य नियम हा की, पाणी खडीच्या माथ्यापासून दोन-तीन इंच खालीच राहिले पाहिजे. पाणी वर दिसले नाही तर डास अंडी घालणार कुठे? चर विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा, आणि संडासाचे पाणी त्यात मुळीच सोडू नये. त्यातून निघालेले पाणी केळीला, कर्दळीला चालेल; पालेभाजीला किंवा पिण्यास नाही.

लव्हाळा कुंडीत, पाण्याच्या ताटलीत ठेवला असेल, तर ताटली दर आठवड्याला रिकामी करून घासावी. डासाच्या अंड्यापासून उडता डास तयार होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. हौद असेल तर गप्पी मासे सोडावेत. हा छत्री-लव्हाळाही ओढ्याकाठी रान माजवू शकतो, म्हणून जास्तीचे ठोंब ओढ्यात किंवा नाल्यात कधीही फेकू नयेत.

माळेचे मणी देणारे गवत

कसई किंवा रानजोंधळा हे मक्यासारख्या पानांचे, तीन ते सहा फूट वाढणारे गवत ओलसर जागी चांगले येते. त्याच्या दाण्यावर कठीण, चकचकीत, राखाडी-पांढरे कवच असते आणि त्याला आरपार भोक निसर्गानेच पाडलेले असते. दोरा ओवला की मणी तयार. युरोपातील लोकांनी त्याच्या अश्रूसारख्या आकारावरून त्याला ईयोबाचे अश्रू असे नाव दिले, आणि अनेक देशांत त्याच्या जपमाळा केल्या गेल्या. पावसाच्या आरंभी बी पेरावे. दिवाळीपासून नाताळापर्यंत मणी पिकतात. एका जपमाळेला ५९ मणी लागतात. मुलांनी स्वतः वाढवलेल्या मण्यांची माळ आजीच्या हाती दिली तर तिला केवढा आनंद होईल! मणी गळण्यापूर्वीच गोळा करावेत, म्हणजे पुढल्या वर्षी नको तेथे रोपे उगवणार नाहीत.

दिखाऊ पाहुणे

रोपवाटिकांत फाउंटन ग्रास या नावाने कारंज्यासारखे झुकणारे, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचे गवत मिळते. ते मूळचे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियाकडचे. शोभेसाठी नेलेले हे गवत हवाई बेटांवर बागेबाहेर पडले, कोरड्या डोंगरांवर पसरले आणि त्याच्या वाळलेल्या ठोंबांनी वणव्यांना सरपण पुरवले. युरोपीय संघाने २०१७ साली त्याला उपद्रवी परकीय वनस्पतींच्या यादीत घातले; तेथे ते विकणे वा लावणे आता निषिद्ध आहे. आपल्या माळांवर उन्हाळ्यात वणवे लागतातच. त्यात ही भर कशाला? जून झालेले हे गवत गुरेही आवडीने खात नाहीत. कुरण गेले की दूध गेले, हा हिशेब सोपा आहे.

त्याची जांभळ्या पानांची जात सहसा बी धरत नाही. तुऱ्यांची फारच हौस असेल तर तीच घ्यावी. तरी हिरवी रोपे जांभळी म्हणून गळ्यात मारली जात नाहीत ना, हे पाहावे. याहून चांगला मार्ग शोभेच्या बाजरीचा. पर्पल मॅजेस्टी नावाच्या जांभळ्या बाजरीला २००३ साली अमेरिकेतील बियाणे-निवड संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. भरपूर उन्हात तिची पाने गर्द जांभळी होतात आणि कणसे पिकली की चिमण्या-पोपटांची पंगत बसते. बाजरी आपल्या मातीची ओळखीची. ती हंगाम संपला की जाते.

सावलीच्या जागी, आंब्याखाली किंवा भिंतीच्या उत्तरेस, खरे गवत रुसते. तेथे मोंडो नावाचे गर्द हिरवे, बुटके झुबके लावावेत. ते गवताच्या कुळातले नाही, पण गवताचे काम करते. सबंध अंगणभर हिरवळ करण्याचा मोह मात्र आवरावा. एप्रिल-मे महिन्यांत जेथे विहिरीचा तळ दिसतो, तेथे रोज पाणी पिणारी हिरवळ शेजाऱ्याच्या घागरीतलेच पाणी पीत असते.

लावणी, कापणी आणि सावधगिरी

१. रोप घरी आणल्यावर पिशवी फाडून मातीचा गोळा तपासावा. शेंगदाण्याएवढ्या काळ्या गाठी किंवा त्यांना जोडणारे तंतू दिसले तर तो नागरमोथा समजावा. सर्व माती झटकून, मुळे धुऊन मगच रोप लावावे. आजवर कित्येक बागांत नागरमोथा विकतच्या मातीतून आला आहे. झटकलेल्या गाठी शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत. कडक उन्हात फरशीवर वाळवून जाळाव्यात.

२. नवे रोप तीन-चार आठवडे कुंडीत वेगळे ठेवावे. तेवढ्यात लपलेला पाहुणा डोके वर काढतो.

३. नागरमोथा आधीच शिरला असेल तर नुसता शेंडा खुडू नये. भर उन्हाळ्यात जमीन खणून गाठी वर काढाव्यात आणि उन्हात वाळू द्याव्यात. नंतर त्या जागी चवळीसारखे दाट झाकणारे पीक घ्यावे. त्याला सावली सोसत नाही.

४. ठोंब फोडून लावण्यास आषाढापर्यंतचे पावसाळी दिवस उत्तम. खड्ड्यात ओंजळभर कुजलेले शेणखत पुरे. युरिया दिला तर पाती लांबलचक वाढून आडवी पडतात.

५. वाळलेली पाती फेब्रुवारी-मार्चमध्ये कापून झाडांच्या बुंध्याशी पसरावीत. घराला लागून वाळके ठोंब ठेवू नयेत; ठिणगी पडण्यास वेळ लागत नाही.

६. दाट ठोंब दारापासून व वाटेपासून दहा फूट दूर असावेत. उंदीर तेथे बीळ करतात आणि उंदरामागे घोणस येते. कापणी करताना आधी काठीने ठोंब हलवावा, पायांत बूट घालावेत आणि हात घालण्यापूर्वी पाहावे.

शेवटी एवढेच की, आपल्या कुंपणाच्या आत काय लावावे हा आपला हक्क आहे, पण गवताला कुंपण समजत नाही. वाऱ्यावर गेलेले बी आणि ओढ्यात वाहून गेलेला ठोंब परत बोलावता येत नाही; त्याची खुरपणी दुसऱ्या कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला वाकून करावी लागते. तेव्हा यंदा मृगापूर्वी एकदा आपल्या अंगणातून फेरी मारा. उतार कुठे आहे, ओल कुठे साचते, ऊन कुठे पडते ते पाहा. मग उताराला वाळा, मोरीला लव्हाळा आणि वाटेला गवती चहा द्या. शेजाऱ्याकडे वाळ्याचा ठोंब असेल तर चार फुटवे मागून घ्या आणि पुढल्या वर्षी आपल्या ठोंबाचे चार तिसऱ्याला द्या. पसरायचेच असेल तर गवत असे, हातातून हातात पसरावे.